पहिला दिवा कोणता घ्यावा?

(मंडळाच्या वर्धापनदिन सप्ताहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले म्हणजे कोणी विदुषींनी यावे, संतवाङ्मयावर किंवा मुलांच्या संगोपनावर चार विचार सांगावेत आणि मग आपण सर्वांनी चहाकडे वळावे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. यंदा कार्यकारिणीने मला फोटोच्या दिव्यावर बोलावयास सांगितले, तेव्हा आमच्या घरच्या मंडळींनीही भुवया उंचावल्या. परंतु त्याला कारण तसेच आहे. दिवाळीच्या फराळविक्रीतून उरलेल्या रकमेतून मंडळाने फोटोसाठी एक स्टुडिओ फ्लॅश घ्यावयाचे ठरविले आहे. कोणता घ्यावा यावर मागील दोन सभांत बरीच चर्चा झाली. तीन दिव्यांचा संच घ्यावा असे काहींचे म्हणणे पडले, घ्यावयाचाच तर मोठ्यात मोठा घ्यावा असे काहींचे, आणि हे सर्व सोडून दोन मोठ्या कढया घ्याव्यात असेही एक मत आले. त्या मताचा मी अनादर करीत नाही. कढईवाचून फराळ होत नाही आणि फराळावाचून शिल्लक राहत नाही, हे मलाही समजते. तरीपण दिवा का घ्यावा आणि कोणता घ्यावा, हे माझ्या समजुतीप्रमाणे सांगते.

आधी थोडे घरचे सांगते. माझ्या सासूबाईंना जाऊन अकरा वर्षे झाली. त्या गेल्या त्या दिवशी संध्याकाळी भिंतीवर लावण्यासाठी त्यांचा फोटो शोधावयास आम्ही बसलो. ट्रंका उघडल्या, अल्बम काढले. सासऱ्यांचे फोटो पुष्कळ निघाले; नोकरीला लागले तेव्हाचा, कचेरीतला, निवृत्तीच्या समारंभातला. सासूबाई मात्र कुठे कोणाचे तरी मूल कडेवर घेऊन कोपऱ्यात उभ्या, कुठे पंक्तीत वाढताना पाठमोऱ्या, कुठे डोळे मिटलेल्या. एकोणऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्या बाईचा एकटीचा असा एकही फोटो नव्हता. शेवटी नणंदेच्या लग्नातल्या समूहचित्रातून त्यांचा चेहरा कापून मोठा करविला. त्यांच्या उजव्या खांद्यावर हिरव्या बांगड्या भरलेला कोणाचा तरी अर्धा हात आहे. तो हात कोणाचा, हे आता सांगणारे कोणी उरले नाही. अकरा वर्षे त्या हातालाही आम्ही हार घालीत आहो.

ही गोष्ट आमच्या एकट्या घरची नव्हे. आपल्या मागील स्मरणिकेतील आदरांजलीचे पान उघडून पाहावे. त्यावरील पाच भगिनींपैकी तिघींचे चेहरे कुठल्या ना कुठल्या समूहचित्रातून कापलेले आहेत आणि एकीचा तर आधार कार्डावरून घेतलेला आहे. मंडळाकरिता ज्यांनी तीस तीस वर्षे खपून काम केले, त्यांचा धड एक फोटो आपल्याजवळ असू नये, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. आपण दिवा घेणार तो ह्यासाठी, हे एकदा मनाशी धरले म्हणजे कोणता घ्यावा याचे उत्तर पुष्कळसे आपोआप मिळते.

बायकांचे फोटो काढण्याचा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. लाला दीनदयाळ हे निजामाच्या दरबारातले प्रसिद्ध छायाचित्रकार. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला, कारण पडदानशीन स्त्रिया पुरुषासमोर बसत नसत. पुढे होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून नावाजल्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. कॅमेरा हा बायकांच्या हातचा नव्हे, असे म्हणावयास आज कोणालाही तोंड राहिलेले नाही.

आता दिव्याकडे वळू. प्रथम फोटोसाठी मॅग्नेशियमची भुकटी पेटवीत. त्याने उजेड होई तसा धूरही होई, आणि क्वचित भुवयाही जळत. त्यानंतर काचेचे बल्ब आले; त्यातला प्रत्येक बल्ब एकदाच पेटे आणि फेकून द्यावा लागे. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी या संस्थेत हॅरल्ड एजर्टन यांनी पुन्हा पुन्हा चमकणारा विजेचा दिवा सिद्ध केला, आणि आजचा स्ट्रोब फ्लॅश हा त्याच्याच वंशातला.

त्याचे काम कसे चालते ते पाण्याच्या उदाहरणाने सांगते. नळाला बारीक धार आहे. खाली बादली लावली. ती भरली की आपण एकदम ओतली. धार बारीकच होती, पण ओतलेले पाणी मात्र भस्सकन आले. फ्लॅशमध्ये कपॅसिटर नावाचा भाग असतो, ती बादली. भिंतीतली किंवा बॅटरीतली वीज तीत हळूहळू साठते आणि कळ दाबताच झेनॉन वायू भरलेल्या काचेच्या नळीतून क्षणात रिकामी होते. तो क्षण सेकंदाच्या शेकडोव्या किंवा हजाराव्या हिश्श्याचा असतो. त्यामुळे नातवाने मान हलविली किंवा आजीचा हात कापला, तरी फोटो हलत नाही. बादली केवढी, हे वॅट-सेकंद या मापाने सांगतात. पुन्हा भरावयास किती वेळ लागतो, तोही दिव्याच्या माहितीपत्रात दिलेला असतो. ही दोन मापे समजली की दुकानदाराचे निम्मे बोलणे समजते.

येथे कोणी म्हणेल की सदा पेटता राहणारा एलईडी दिवा का घेऊ नये? प्रश्न रास्त आहे. ज्या भगिनीजवळ केवळ मोबाइल आहे, तिने स्ट्रोब मुळीच घेऊ नये. मोबाइलचा आणि स्टुडिओ फ्लॅशचा मेळ सहसा बसत नाही. तिने खिडकीपाशी फोटो काढावा किंवा एलईडी घ्यावा. परंतु मंडळाजवळ कॅमेरा आहे, आणि त्याच्या माथ्यावर फ्लॅशचा संकेतक बसविण्याची खाच आहे. अशा वेळी त्याच पैशात स्ट्रोब पुष्कळ अधिक उजेड देतो. शिवाय एलईडीचा तेवढाच उजेड चेहऱ्यावर सतत पाडला तर म्हातारी माणसे डोळे बारीक करून बसतात. फ्लॅशचा उजेड त्यांना जाणवेपर्यंत संपलेला असतो.

खिडकीची मात्र मी मनापासून भक्त आहे. जुन्या वाड्यात ओसरीवर येणारा उत्तरेकडचा उजेड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मऊ प्रकाश म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. पूर्वीचे स्टुडिओही उत्तरेकडे काचा ठेवून बांधीत, ते उगीच नव्हे. पण आपल्या भगिनी मंडळात येतात त्या संध्याकाळी साडेपाचनंतर, घरची कामे आटोपून. पावसाळ्यात तर त्या वेळी खिडकीत उजेड नसतोच. तेव्हा आपल्याला हवी आहे ती हवी तेव्हा उघडता येईल अशी खिडकी. पहिला दिवा घेताना हेच सूत्र धरावे.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी कॅमेरा घेतला आणि मागच्या दहा बाय बाराच्या खोलीत फोटो काढावयास सुरुवात केली. मोठा दिवा तो चांगला, या समजुतीने ६०० वॅट-सेकंदांचा एक जुना फ्लॅश शहरातून आणला. दुकानदाराने मला फसविले नाही. मीच विचारले नाही. त्याची सर्वांत कमी शक्ती एक-अष्टमांश होती, म्हणजे ७५ वॅट-सेकंद. चेहऱ्यापासून तीन फुटांवर दिवा, खोलीच्या भिंती पांढऱ्या. उजेड इतका होई की कॅमेऱ्याचे छिद्र बारीक करावे लागे, आणि छिद्र बारीक केले की मागचे सारे स्पष्ट दिसते. आमच्या शेजारच्या काकूंच्या पहिल्या फोटोत त्यांच्या चेहऱ्याइतकाच स्वच्छ मागचा विजेचा बोर्ड आला आहे आणि भिंतीची भेगही आली आहे. काकू म्हणाल्या, “माझा फोटो काढलास की घराची पाहणी केलीस?” तो दिवा मी वर्षाच्या आत निम्म्या किमतीला विकला.

म्हणून पहिली गोष्ट अशी की दिवा जास्तीत जास्त किती उजेड देतो यापेक्षा कमीत कमी किती देतो, हे आधी विचारावे. दोनशे वॅट-सेकंदांचा दिवा एक-बत्तिसांशापर्यंत उतरत असेल, तर तो सुमारे सहा वॅट-सेकंदांवर येतो. अशा दिव्यापुढे कापडाची पेटी, म्हणजे सॉफ्टबॉक्स, लावून तो तीन-चार फुटांवर ठेवला, तर आयएसओ १०० वर पूर्ण शक्तीला साधारण एफ ११ च्या आसपास छिद्र ठेवता येते आणि किमान शक्तीला एफ २ पर्यंत उघडता येते. एका चेहऱ्यासाठी, किंवा मायलेकींसाठी, याहून अधिक काय हवे? २०० ऐवजी ४०० चा घेतला तर उजेड दुप्पट होतो हे खरे, पण छायाचित्रणात दुप्पट म्हणजे एकच स्टॉप. एफ ११ चे एफ १६ होते एवढेच. किमतीत मात्र एवढ्याशा फरकाने भागत नाही. मोठा दिवा ज्यांना लग्नातल्या पन्नास माणसांचे समूहचित्र काढावयाचे किंवा भर दुपारी उन्हात काम करावयाचे, त्यांच्यासाठी आहे. समूहचित्रे आपल्याजवळ पुष्कळ झाली.

दुसरी गोष्ट दिव्याच्या मऊपणाची. उजेड मऊ होतो तो दिवा महागडा असल्यामुळे नव्हे, तर चेहऱ्याला तो मोठा दिसतो म्हणून. सूर्य केवढा प्रचंड, पण आपल्याला तो थाळीएवढाही दिसत नाही; म्हणून उन्हातली सावली धारदार. आभाळ भरून आले की सारे आकाशच दिवा बनते आणि सावली विरघळते. त्याच न्यायाने तीन फुटी सॉफ्टबॉक्स तीन फुटांवर ठेवला तर उजेड मऊ, आणि नऊ फुटांवर नेला तर तोच उजेड कठोर होतो. शिवाय दूर नेताच तो झपाट्याने कमी होतो; अंतर दुप्पट झाले की उजेड साधारण पाव होतो. म्हणजे लहान खोली ही आपली अडचण नसून सोय आहे. दिवा जवळच ठेवावा लागतो, जवळचा म्हणून मऊ होतो, आणि मऊ व जवळचा म्हणून लहान शक्तीचा पुरतो.

तिसरी गोष्ट संख्येची. तीन दिव्यांचा संच स्वस्त पडतो असे आपल्यापैकी ज्यांनी सांगितले, त्यांनी हिशेब बरोबर केला आहे. तरीपण मी एकाचाच आग्रह धरते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकर यांचे एक जलरंगातले चित्र आहे. हळदणकर मूळचे आपल्या सावंतवाडीचे. हाती दिवा घेतलेली एक स्त्री आहे, दुसऱ्या हाताने तिने ज्योतीला आडोसा केला आहे, आणि त्या एका ज्योतीचा उजेड बोटांतून, चेहऱ्यावरून, लुगड्यावरून उतरत गेला आहे. चित्रकाराच्या कन्याच त्या चित्रासाठी उभ्या राहिल्या होत्या. सबंध चित्राला दिवा एकच आहे, आणि सावली आहे म्हणूनच तो उजेड वाटतो. आपण नवशिक्यांनी तीन दिवे लावले तर एकाची सावली दुसरा पुसतो, तिसरा नवीच सावली आणतो, आणि बिघडले कोठे हे समजत नाही. एक दिवा असला की नाकाची सावली कोठे पडली हे पाहूनच दिवा कोठे सरकवावयाचा ते कळते. दुसऱ्या बाजूला उजेड हवा असेल तर थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा करावा. सावली गडद हवी असेल तर तेथेच काळे कापड धरावे. हा दुसरा दिवा आणि तिसरा दिवा, दोन्ही मिळून शंभर-दोनशे रुपयांत होतात.

आता दुकानात गेल्यावर काय काय पाहावे, ते क्रमाने सांगते.

दिव्यात मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे फोटोपूर्वी सावली कोठे पडते हे दाखविणारा छोटा पेटता दिवा, असावा. नवशिकीला याच्यासारखा शिक्षक नाही. तो एलईडीचा असेल तर उत्तम. जुन्या फ्लॅशमधले हॅलोजनचे बल्ब फार तापतात. त्यांच्यावर जुने धोतर किंवा चादर टाकून उजेड मऊ करण्याच्या फंदात कोणी पडू नये, कापड पेट घेते.

सॉफ्टबॉक्स अडकविण्याची खाच कोणती, ते विचारावे. बोवेन्स खाच असेल तर सामान कोठेही मिळते. गंमत अशी की बोवेन्स ही मूळ इंग्रज कंपनी २०१७ साली बंद झाली, पण तिची खाच इतर कंपन्यांनी उचलली आणि ती आजही सर्वत्र चालते. केवळ स्वतःचेच सामान बसेल अशी खाच असलेला दिवा स्वस्त मिळाला तरी पुढे महाग पडतो.

एकाच शक्तीवर दहा वेळा पेटवून दहा फोटो काढून पाहावेत. दहाही सारखे आले पाहिजेत. एक उजळ आणि एक काळपट, एक निळसर आणि एक पिवळट असे येत असतील तर दिवा परत ठेवावा. पुन्हा भरावयास दोन सेकंदांहून फार अधिक वेळ घेत असेल तर चेहऱ्यावर आलेले हसू तोवर निघून जाते.

कॅमेऱ्याकडून दिव्याला इशारा देणारा रेडिओ ट्रिगर बरोबरच घ्यावा, आणि तो आपल्याच कॅमेऱ्याच्या जातीचा आहे ना हे पाहावे. जुना, कोणी दिलेला फ्लॅश तारेने थेट डिजिटल कॅमेऱ्याला जोडू नये. काही जुन्या दिव्यांच्या इशाऱ्याच्या तारेत दोनशे व्होल्टहूनही अधिक दाब असतो आणि त्याने कॅमेरा जळू शकतो.

विजेवरचा घ्यावा की बॅटरीचा? आपल्या हॉलमध्ये वीज आहे, आणि विजेवरचा दिवा त्याच पैशात अधिक चांगला मिळतो. परंतु ज्या भगिनी अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांच्या घरी जाऊन फोटो काढावयाचा तर बॅटरीचा सोयीचा, आणि वीज गेली तरी काम थांबत नाही. पैसे पुरत असतील तर मी बॅटरीचा घेईन. विजेवरचा घेतला तर तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग असलेलेच बटण वापरावे, आणि इन्व्हर्टरवर लावण्यापूर्वी दिव्याबरोबरची पुस्तिका वाचावी.

दुरुस्ती कोठे होते आणि आतली नळी बदलून मिळते का, हेही विचारून ठेवावे. पण दिवा बिघडला म्हणून घरातल्या हुशार मुलाने तो उघडावा, असे मात्र कदापि होऊ देऊ नये. प्लग काढल्यावरही त्या बादलीत वीज भरलेली राहते आणि ती जीवघेणी असते. फार दिवस न वापरता ठेवणेही बरे नाही. महिन्यातून एकदा बाहेर काढून थोडा पेटवावा.

पैशाची वाटणीही सांगते. शंभर रुपये असतील तर साठांचाच दिवा घ्यावा. उरलेल्या चाळिसांत मजबूत स्टँड, तीन फुटी सॉफ्टबॉक्स, ट्रिगर आणि स्टँडच्या पायावर ठेवावयाची वाळूची पिशवी बसली पाहिजे. पिशवी घरी शिवता येते. पांढरी छत्री सॉफ्टबॉक्सपेक्षा स्वस्त असते आणि उघडावयास सोपी, पण तिचा उजेड साऱ्या खोलीभर जातो. माझ्या खोलीची एक भिंत पूर्वी पिस्ता रंगाची होती. छत्री लावून काढलेल्या फोटोत सर्वांच्या गालावर पिस्त्याची छटा आली. आपल्या हॉलचा रंग तर तुम्ही जाणताच.

दिवा आला म्हणजे वापरावा कसा, तेही थोडक्यात. कॅमेरा १/१२५ सेकंद, एफ ५.६, आयएसओ १०० वर ठेवावा आणि फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढावा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. म्हणजे ट्यूबलाइटचा रंग फोटोत मिसळणार नाही. मग दिवा चेहऱ्याच्या एका अंगाला, डोळ्यांच्या थोडा वर ठेवावा आणि शक्ती कमीजास्त करीत जावे. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसतो का, हे पाहावे. तो नसला तर डोळे निर्जीव वाटतात. बसणारीला भिंतीपासून चार फूट पुढे घ्यावे. चष्म्यात दिवा चमकत असेल तर दिवा आणखी वर न्यावा, किंवा चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचलाव्यात; चष्मा काढावयास सांगू नये. ज्या बाईला नातवंडांनी चष्म्यातच पाहिले आहे, तिचा चष्मा हा तिच्या चेहऱ्याचाच भाग आहे. नथीचे मोती आणि पैठणीचा काठ फार लखलखत असेल तर दिवा थोडा बाजूला वळवावा. कपाळावरचा घाम टिपण्यास रुमाल जवळ असावा.

आणि एक विनंती. फोटो काढावयास बसलेली प्रत्येक दुसरी बाई मला सांगते की, “जरा गोरी येऊ द्या हं!” दिव्याची शक्ती वाढविली की चेहरा गोरा येतो, हे खरे. पण तसे केले की गालाची गोलाई जाते, हनुवटीवरचे गोंदण जाते, कपाळावरच्या रेषा जातात, आणि उरतो तो कोणाचाही चेहरा. सावळ्या रंगावर मऊ उजेड बाजूने आला म्हणजे जे तेज चढते, ते पावडरीने येत नाही. आपल्या दिव्याने बाईचा चेहरा जसा आहे तसा दाखवावा. तो बदलण्याची सोय मोबाइलमध्ये फुकट आहे. त्यासाठी मंडळाने पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

आता माझी सूचना मांडते आणि पुरे करते. २०० वॅट-सेकंदांच्या आसपासचा, शक्ती पुष्कळ खाली उतरणारा एकच दिवा घ्यावा. तो चालविण्यास चार भगिनींनी शिकावे. मी दर शनिवारी शिकवीन. ज्यांना पुढे यातून घरच्या घरी चार पैसे मिळवावयाचे असतील, त्यांनी मंडळाला थोडे भाडे देऊन तो न्यावा. पण पहिले काम घ्यावयाचे ते सत्तरी ओलांडलेल्या आपल्या सभासदांचे. प्रत्येकीचा एकटीचा एक फोटो काढावा, तो कागदावर छापून तिच्या हाती द्यावा आणि एक प्रत मंडळाच्या दप्तरी ठेवावी. मोबाइलमधला फोटो मोबाइलबरोबर जातो.

गेल्या वर्षी आपल्यापैकीच एका ज्येष्ठ भगिनींचा फोटो मी काढला. त्या आज सभेत आहेत, म्हणून नाव घेत नाही. खुर्चीवर बसल्या आणि इकडे तिकडे पाहू लागल्या. मी विचारले, “काय हवे, मावशी?” तर म्हणाल्या, “कुणाला घेऊ मांडीवर?” मी म्हटले, “कोणाला नाही. तुमचा एकटीचाच काढावयाचा.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. हात कोठे ठेवावेत हे त्यांना बराच वेळ सुचेना. मग त्यांनी पदर सारखा केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिले. तो फोटो त्यांनी बैठकीच्या खोलीत लावला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या स्वतः दाखवितात, आणि हेच मला मोठे वाटते. कारण आमच्या सासूबाईंचा फोटो त्यांनी स्वतः कधी पाहिलाच नाही.

कढयांचा प्रश्न पुढील वर्षीच्या शिल्लकेतून सोडवावा, अशी मी कार्यकारिणीस विनंती करते.